तिसरीतल्या पोरीला १ तारखेपासून शाळेत पाठवू का?

शिलाईवाली – २८ नोव्हेंबर २०२१, रात्री ११.२०

नमस्कार. मी सोलापूरला विडी घरकुलात राहते. १ डिसेंबरपासून शहरातली पहिली ते सातवी पण सुरू करायचं सरकारनं ठरवलंय. शाळेनं काल संमतीपत्र पाठवलं. ते मशीनच्या खणात ठेवलंय, सही होईना झालीय.

आधीच सांगून टाकते, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात पीसवर शिवते. शाळा बंद म्हणजे आमचं काम बंद. मार्च २०२० ला शर्टांचे गठ्ठे बांधून ठेवले होते, ते तसेच राहिले. मधे मास्क शिवले, मग तेही थांबलं. आता मालक म्हणायलेत, शाळा उघडू द्या, ऑर्डरी येतील. त्यामुळं मनात "पाठव" येतं, तेव्हा ते पोरीसाठी येतंय का पोटासाठी, हेच कळंना झालंय. घरात विचारावं तर सगळेच त्याच पैशावर. म्हणून इथं विचारायलेय.

थोरला आठवीला आहे. त्याची शाळा ४ ऑक्टोबरपासून सुरू झाली. एक दिवसाआड, एका बाकावर एक. त्याला काही झालं नाही. पण तो चालत जातो आणि मास्क काढ म्हटलं तरी काढत नाही. धाकटी पहिलीत असताना शाळा बंद झाली, आता तिसरीत आहे. दुसरी म्हणजे काय ते तिला माहीतच नाही. घरात एकच फोन, तो थोरल्याच्या तासाला. हिच्या वाट्याला टीव्हीवरची टिलीमिली ही अभ्यासाची मालिका, तीही लाईट असली तर. आमच्या घरात तेलुगूच चालतं. मराठी पुस्तक पुढं ठेवलं तर चित्र बघून अंदाजानं वाचते. परवा बैलाचं चित्र बघून "गाय" वाचली आणि माझ्याकडं बघून हसली. मला हसू आलं नाही.

अडचण सासूबाईंची. वय पासष्टच्या पुढं, विड्या वळून वळून छातीला धाप. कोविशिल्डचा पहिला डोस २७ सप्टेंबरला झालाय, ८४ दिवस धरले तर दुसरा २० डिसेंबरला. दोन खोल्या, आणि धाकटी त्यांच्याच कुशीत झोपते. त्यात आता टीव्हीवर ओमायक्रॉन ओमायक्रॉन लावलंय.

कुणी पाठवायलंय का? काय बघून ठरवलं?

नवीपेठ_७ – २९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

अजिबात पाठवू नका ताई. लहान मुलांची लस अजून आलेली नाही. आली की मग बघू. दोन वर्षं गेलीच आहेत, आणखी दोन महिन्यांनी काय बिघडणार?

खडूफळा – २९ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

वरच्या दादांना एवढंच विचारतो, दिवाळीला तुमच्या नव्या पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. ती गर्दी चालली, मग वर्गातली वीस पोरंच तेवढी कशी नडतात?

मी दक्षिण सोलापुरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्या पाचवीच्या पुढच्या वर्गांना ऑक्टोबरपासून दोन महिने होत आले. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पोरं धडे विसरली असतील. प्रत्यक्षात ती बसायचंच विसरली होती. तास संपायच्या आत उठून दाराशी जायची. आमच्याकडे निम्म्या घरांत कन्नड, तुमच्याकडे तेलुगू. अशा लेकरांना मराठी शाळेतच ऐकायला मिळते, शाळा बंद झाली की भाषाच बंद होते. तुमच्या भागात, नीलमनगरला, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले ते उगाच नाही. पण भिंत उलटा प्रश्न विचारत नाही ना.

आता कामाचं. मुलगी शाळेत जाणार कशी? रिक्षानं? पालक बाकांमधलं अंतर मोजतात आणि त्याच पोराला दहा जणांच्या रिक्षात कोंबतात. आधी रिक्षा बघा. मग शाळेत जाऊन वर्गाच्या खिडक्या उघडतात का ते हातानं उघडून बघा. सॅनिटायझरच्या बाटलीवर जाऊ नका, ती टेबलावर सगळीकडेच असते.

आणि ताई, पोटाचं म्हणाल तर मलाही पगार शाळेचाच आहे. माझंही मत तेवढं वजा करून घ्या.

सिस्टर – २९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

लहान मुलांच्या दवाखान्यात काम करते. दुसऱ्या लाटेत आमच्याकडे आलेली बहुतेक पोरं दोन-तीन दिवसांच्या तापात बरी झाली. ताई, तुमच्या घरात जपायचं आहे ते आजींना. त्यांचा दुसरा डोस एक दिवसही पुढं ढकलू नका. तोवर मुलीचं अंथरूण वेगळं करा, हे शाळेत पाठवा न पाठवा, करायलाच हवं. थोरला रोज बाहेर जातोच की, विषाणूला आठवी-तिसरी कळत नाही. मुलीचा घसा दुखला, नाक गळालं तरी त्या दिवशी घरी ठेवा. आणि कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा जोराचा ताप आला, अंगावर पुरळ, डोळे लाल झाले, तर मेडिकलमधून औषध आणत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. असं क्वचित होतं, पण थांबायचं नसतं.

शिलाईवाली – ३० नोव्हेंबर, रात्री ११.४५

सगळ्यांचे आभार. नवीपेठवाल्या दादांचा पण राग नाही, परवापर्यंत मी तेच म्हणत होते.

गुरुजींचं ऐकून आज जेवणाच्या सुट्टीत शाळेत जाऊन आले. वर्गाला चार खिडक्या, त्यातल्या दोन गंजून घट्ट बसलेल्या. बाईंना म्हटलं, ह्या उघडत नाहीत. त्या म्हणाल्या, आजवर कुणी उघडल्याच नाहीत. शिपाईमामांनी तेल घालून एक उघडली. दुसरीचं उद्या बघतो म्हणालेत. रिक्षा सोडून दिली, थोरला तिला चालत नेणार. ज्या दिवशी त्याची शाळा नाही त्या दिवशी मी कारखान्यात अर्धा तास उशिरा जाईन. मालकांना सांगितलंय. काय बोलणार, शाळा सुरू होण्याची वाट तेच जास्त बघायलेत.

सासूबाईंना अंथरुणाचं सांगितलं तर फुगून बसल्या. शेवटी पुढच्या खोलीत झोपायला तयार झाल्या, पण टीव्ही पण पुढंच पाहिजे म्हणाल्या. हलवला.

सही केलीय. पोटाचं आणि पोरीचं वेगळं काढायला जमलं नाही, तसंच राहू दिलं.

आणि एक गंमत. पहिलीतला युनिफॉर्म काढला तर फ्रॉक गुडघ्याच्या वर चार बोटं. हजारो पोरींचे शिवले असतील मी, घरच्या पोरीचा नाही. सहा वर्षांच्या मापाचा, दुमड फक्त दोन इंचाची सोडलेली. आता ती उसवत बसलेय. जुन्या दुमडीची रेघ दिसायलीय, तिच्यावर लेस लावली तर शाळेत चालेल का? गुरुजी, तेवढं सांगा.