आठवीपर्यंत गणिताची परीक्षाच नको? एका संदेशाला सविस्तर उत्तर

राजारामपुरीतला गणितमास्तर

आमच्या कोल्हापूरच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर परवा एका सद्गृहस्थांनी लिहिले की, 'परीक्षेमुळे मुले गणिताला घाबरतात हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, म्हणून आठवीपर्यंत गणिताची लेखी परीक्षा बंद करावी.' त्याखाली उमटलेले अंगठे पाहून दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

'संशोधनाने सिद्ध' म्हणणाऱ्याने ते संशोधन निदान चाळलेले असावे, एवढी माफक अपेक्षा आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो वाचून स्वतःची चाचणी देणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सातवीच्या ५४ वर्गांवर केलेला प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका प्रकारची गणिते एका दमात सोडवणाऱ्या मुलांना महिन्यानंतर न सांगता घेतलेल्या चाचणीत सरासरी ३८ टक्के गुण मिळाले, तर निरनिराळ्या प्रकारची गणिते सरमिसळ करून सोडवणाऱ्यांना ६१ टक्के. हा फरक चाचणी घेतली म्हणूनच कळला ना? आपल्याकडे ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरातल्या शाळांत झालेल्या 'परख' सर्वेक्षणात गणिताची राष्ट्रीय सरासरी तिसरीत ६०, सहावीत ४६ आणि नववीत ३७ टक्के निघाली. ही चाचणी झाली नसती तरी घसरण होतीच. आपण मात्र निकालाच्या दिवशी पेढे वाटत बसलो असतो.

मंगळवार पेठेतली आई

सर, आपण दिलेला पहिला दाखला उताऱ्याच्या पाठांतराचा आहे आणि दुसरा सरावाच्या पद्धतीचा. मुलांच्या भीतीविषयी आपण अवाक्षर काढलेले नाही. संशोधनच हवे असेल तर रूथ बटलर यांचा १९८८ सालचा अभ्यास पाहावा. ज्या मुलांना कामावर केवळ शेरा लिहून दिला त्यांची प्रगती झाली. ज्यांना गुण दिले, किंवा गुण आणि शेरा दोन्ही दिले, त्यांची झाली नाही. गुण दिसले की मूल खालचा शेरा वाचतच नाही, हे सांगायला खरे म्हणजे संशोधकाचीही गरज नाही.

माझी मुलगी चौथीत असताना तिने भागाकाराचे उत्तर मनात काढून बरोबर लिहिले होते. रीत दाखवली नाही म्हणून शून्य मिळाले आणि वीसपैकी सात हा आकडा वर्गात मोठ्याने वाचला गेला. त्यानंतर वर्षभर दर शुक्रवारी सकाळी तिच्या पोटात दुखत असे, कारण चाचणी शुक्रवारी असे. आम्ही दोन डॉक्टर केले. तिसऱ्यांनी विचारले, 'शनिवारी दुखते का?'

राजारामपुरीतला गणितमास्तर

ताई, ही गुण जाहीर वाचणाऱ्या शिक्षकाची चूक आहे. त्याचे खापर चाचणीवर का? आणि रीत दाखवायलाच हवी. उत्तर शेजारच्या वहीतूनही येते.

मंगळवार पेठेतली आई

माझी मुलगी पहिल्या बाकावर एकटी बसत होती. आपण न पाहिलेल्या मुलीवर नक्कल केल्याचा आळ इतक्या सहजपणे घेता, यावरून आपल्या वर्गाची कल्पना आली.

भुदरगडातला जि. प. शिक्षक

दोघांनाही नमस्कार. चाचणी हवी की नको, हा वाद शहरात शोभतो. आमच्याकडे पायाभूत चाचणी, संकलित चाचणी आणि वर सर्वेक्षणे असतात. प्रत्येकाचे गुण आधी कागदावर आणि मग मोबाइलवर भरायचे, तेही माळावर उभे राहून, कारण शाळेत रेंज नसते. भरलेल्या आकड्यांवरून 'या मुलाला आता हे शिकवा' असे एकदाही कोणी कळवलेले नाही. त्यात आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्ती परीक्षेचे वेड. गुणवत्ता यादीत येण्याजोगी चार मुले निवडायची, सकाळ-संध्याकाळ घासायची, फलकावर फोटो लावायचे आणि उरलेली वीस मुले देवाच्या भरवशावर सोडायची. हे मी स्वतः केलेले आहे, म्हणून सांगतो.

माझ्या पाचवीतला एक मुलगा दूध संस्थेत रोज दोन्ही वेळा दूध घालतो. दहा दिवसांचे बिल आले की तो चिठ्ठीकडे न बघता सांगतो, 'दिवसाला आठ लिटर, म्हणजे ऐंशी लिटर; बावन्नचा दर, चार हजार एकशे साठ; पेंडीच्या पोत्याचे सोळाशे पन्नास गेले, दोन हजार पाचशे दहा हातात.' याच मुलाने चाचणीत 'एका खोक्यात ५२ पेन्सिली, तर ८० खोक्यांत किती?' हे गणित कोरे सोडले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यात हेच आढळले. बाजारातली मुले व्यवहार चोख करतात आणि शाळेच्या पद्धतीच्या गणितांत अडतात. शाळेतली मुले पुस्तकातली गणिते बरी करतात आणि बाजारातल्या हिशेबात गोंधळतात. तेव्हा गुरुजी, आपली चाचणी नेमके काय मोजते?

मार्केट यार्डातला निवृत्त दिवाणजी

मी चाळीस वर्षे गुळाच्या सौद्यांचे हिशेब लिहिले. तीस किलोचे सव्वातीनशे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, नऊ हजार सातशे पन्नास किलो, हे अडत्याचा हात रुमालाखालून बाहेर यायच्या आत मांडलेले असे. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावपासून साडेतीनपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे, छडीच्या धाकाने पाठ करावी लागली, आणि कोणाच्याही पोटात दुखले नाही. आज पदवीधराला नवाची औटकी, म्हणजे नवाची साडेतीनपट, विचारा, तो तोंडाकडे बघत राहतो. (साडेएकतीस.) खरे नुकसान २०१९ साली झाले, दुसरीच्या पुस्तकात त्र्याहत्तरला 'सत्तर तीन' छापले तेव्हा. ज्याला आपल्या भाषेतला आकडा उच्चारता येत नाही, तो परीक्षेत काय दिवे लावणार?

गडहिंग्लजकर

दिवाणजी, आपण अर्धवट सांगत आहात. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. जोडीला दुसरी पद्धत दिली होती, आणि पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणे तेव्हाच सांगितली होती. आमच्या घरी कानडी बोलतात. माझ्या आजीला ७३ म्हणजे 'एप्पत्तमूरु', सत्तर आणि मग तीन. जसे बोलायचे तसेच डावीकडून लिहायचे. मी मराठी शाळेत गेलो तेव्हा 'त्र्याहत्तर' ऐकून तीन आधी लिहीत असे आणि ३७ म्हणून मार खात असे. मला गणित येत नव्हते असे नाही, बाईंचा आकडाच माझ्या कानावर उलटा पडत होता.

मार्केट यार्डातला निवृत्त दिवाणजी

म्हणजे तुम्हाला जमले नाही म्हणून साऱ्या महाराष्ट्राने एकोणपन्नास आणि पंच्याहत्तर सोडून द्यायचे का? मग बाराखडीही कानडीतूनच शिकवा. या हिशेबाने उद्या अमृतमहोत्सवाला 'सत्तर पाचावा' वाढदिवस म्हणाल!

गडहिंग्लजकर

आपण अडत दुकानात बसून भाषेचा मक्ता घेतला होता, हे ठाऊक नव्हते. सीमाभागातल्या माणसाला मराठीचे प्रेम आपण शिकवू नये. आमच्याकडे ती टिकवायला माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत.

भुदरगडातला जि. प. शिक्षक

दोघांनी थोडे दमाने घ्यावे. माझ्या वर्गात घरी निव्वळ मराठी बोलणारी मुलेही हीच चूक करतात. 'एकोणसत्तर' म्हटले की निम्मी मुले ७९ लिहितात, कारण 'एकोण' म्हणजे 'एक कमी' हे त्यांना कोणी फोडून सांगितलेले नसते आणि कानावर 'सत्तर' पडलेले असते. मी दोन्ही पद्धती वापरतो. आधी 'साठ नऊ' म्हणवून घेतो, मग एकोणसत्तर. दोन महिन्यांत मुले जुन्या नावावर येतात आणि मराठीही जिवंत राहते, दिवाणजी.

मार्केट यार्डातला निवृत्त दिवाणजी

जुन्या नावावर येत असतील तर माझी हरकत नाही. पण येतात, हे तुम्ही सांगता. पुस्तकाने त्याची हमी दिली नव्हती.

राजारामपुरीतला गणितमास्तर

धागा परीक्षेवर होता, तो आकड्यांच्या नावांवर गेला, म्हणून हस्तक्षेप करायला आलो होतो. पण मध्येच एक गोष्ट आठवली आणि ती लिहिल्यावाचून सुटका नाही. मी वीस वर्षे पाचवी-सहावीला दर आठवड्याला दहा गणितांची चाचणी घेत असे, आणि कागदाची बचत व्हावी म्हणून गणिते तोंडी सांगत असे. काल माळ्यावरून एक जुना गठ्ठा काढला. त्यात एका मुलीने ९२ वजा ५९ असे सांगितलेले गणित ९२ वजा ६९ असे उतरवून घेतले आहे आणि २३ हे उत्तर काढले आहे. हातचा बिनचूक, मांडणी स्वच्छ. मी त्यावर लाल फुली मारून खाली 'वजाबाकीचा सराव करा' असा शेरा दिला आहे. तिला वजाबाकी येत होती. तिने 'एकोणसाठ' मधला 'साठ' ऐकला होता.

याचा अर्थ परीक्षा बंद करा असा मुळीच होत नाही. ती चाचणी नसती तर हा कागदही माझ्यासमोर नसता. मात्र फुली मारण्यापूर्वी पाहायला हवे होते, एवढे मान्य करतो. आणि ताई, गुण वर्गात मोठ्याने वाचू नयेत, हेही.

मंगळवार पेठेतली आई

वीस वर्षांनी का होईना, आपल्या माळ्याने आपल्याला शिकवले, याचा आनंद आहे. त्या मुलीला कळवा. शेराही आपण दिला होता आणि तोही चुकीचा होता, तेव्हा बटलरबाईंच्या नावाने मी उगाच फुशारकी मारली, हे मीही मान्य करते.

भुदरगडातला जि. प. शिक्षक

आज त्या दूधवाल्या मुलाला पेन्सिलींचे गणित पुन्हा दिले. म्हटले, 'खोके म्हणजे लिटर समज.' त्याने कागदावर ४१६० लिहिले आणि बाजूला म्हशीचे चित्र काढले. रीत दाखवलेली नाही. गुरुजी, दोनपैकी किती देऊ?

राजारामपुरीतला गणितमास्तर

रीत नसेल तर एक.

मंगळवार पेठेतली आई

माझ्या मुलीला शून्य होते.

मार्केट यार्डातला निवृत्त दिवाणजी

मी दोन दिले असते. पण आधी त्याला औटकी विचारली असती.