वर्षात चौथ्यांदा उन्हाळी (लघवीचा जंतुसंसर्ग), कल्चरमध्ये ‘आर’च ‘आर’. गोळ्यांशिवाय मार्ग आहे का?

विश्रामबागची_बाई
वय ५३, सांगलीत राहते, तासगावच्या बाजूला एका शाळेत शिकवते. पाळी जाऊन ३ वर्षं झाली. गेल्या दिवाळीपासून ही चौथी उन्हाळी. लघवीला बसलं की आग होते, उठलं की परत जावंसं वाटतं आणि येतात चार थेंब. मागच्या आठवड्यात नववीचा तास अर्ध्यात सोडून पळाले.

पहिल्या दोन वेळेला डॉक्टरांकडे गेलेच नाही. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणल्या, जळजळ थांबल्यावर बंद केल्या, उरलेल्या पुढच्या वेळी घेतल्या. चूक माझीच. आता लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी) ई. कोलाय हा जंतू आलाय. सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, को-ट्रायमॉक्साझोल, तिन्ही अँटिबायोटिक्सपुढे ‘आर’, म्हणजे जंतू त्यांना दाद देत नाही. असंच चाललं तर इंजेक्शनांसाठी ॲडमिट व्हावं लागेल म्हणतात. फार भीती वाटते.

सासूबाई धने-जिऱ्याचं पाणी देतात, गोखरूचा काढा घे म्हणतात. मुलगी डी-मॅनोज नावाच्या साखरेची पावडर मागवतेय. कशाने खरंच फरक पडतो? आणखी एक, शाळेतल्या बाथरूमला धड कडी नाही, म्हणून सकाळी ७ ते दीड मी पाणीच पीत नाही.

मिरज_लॅबवाला
ताई, शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. २०१८ साली एक अभ्यास आला होता. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. धने-जिऱ्याचं पाणी जरूर प्या, पाणी पोटात जातं ना. पण त्याने जंतू मरतील ही आशा नको.

रिपोर्टची यादी खालपर्यंत वाचा. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधं पुष्कळदा अजून ‘एस’, म्हणजे जंतूवर चालणारी, असतात. नायट्रोफ्युरँटॉइनआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ताची तपासणी) बघावं लागतं, म्हणून स्वतःहून आणू नका. आणि त्रास नसताना नुसतं बघायला कल्चर करू नका. जंतू दिसतात, माणूस घाबरतो, पुन्हा कोर्स सुरू होतो. गरोदरपणासारखे अपवाद सोडले तर त्रास नसलेल्या जंतूंना औषध लागत नाही.

कराडची_काकू
बाई, मी ६१ची. तुमच्याच वाटेने गेलेय. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथले चांगले जंतू जातात आणि आतड्यातल्या ई. कोलायला रान मोकळं मिळतं. हे मला पहिल्यांदा बाईडॉक्टरांनी समजावलं, तोवर नुसत्या अँटिबायोटिक्सच्या पट्ट्या संपवत होते. त्यांनी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. पहिले दोन महिने काहीच वाटलं नाही, मग हळूहळू फरक पडला. लाज न धरता विचारा. स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर मात्र आधी सांगा.

मिथेनामाईनबद्दलही विचारा. ही अँटिबायोटिक नाही. आम्लयुक्त लघवीत तिचं फॉर्माल्डिहाइड होतं आणि त्याने जंतू मरतात. २०२२ साली ब्रिटनमध्ये २४० बायकांवर चाचणी झाली, त्यात ती रोजच्या कमी डोसाच्या अँटिबायोटिकपेक्षा फार मागे पडली नाही. पण ती त्रास टाळायला, अंगावर आलेला बरा करायला नाही.

मुलीला सांगा, पावडरीचे पैसे राहू देत. २०२४ साली ५९८ बायकांवर सहा महिने तपासलं, फरक नाही आला. क्रॅनबेरीला थोडा आधार आहे, फक्त साखरेचा रस नको. गोखरूचं मला ठाऊक नाही.

थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, उलट्या झाल्या, तर काढाबिढा न करता त्याच दिवशी दवाखाना. माझ्या जावेने दोन दिवस अंगावर काढलं आणि किडनीपर्यंत गेलं.

विश्रामबागची_बाई
काकू, तुमचा निरोप दोनदा वाचला. इतकी वर्षं हे कुणाशी बोलताच येत नव्हतं. रिपोर्ट परत काढला, नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’ आहे! सोमवारी मिरजेला बाईडॉक्टरांकडे जातेय, क्रीमचं आणि मिथेनामाईनचं कागदावर लिहून नेते. डब्यातल्या उरलेल्या गोळ्या काढून टाकल्या. कडीसाठी मोठ्या बाईंना आजच सांगितलं, आणि ती बसेपर्यंत एक शिक्षिका दाराशी उभी राहील असं आम्ही चौघींनी ठरवलंय. उद्यापासून बाटली टेबलावर.