अनुभव धागा: साठीनंतरचा पुरीम

पुरीम या ज्यू सणाची सगळी कामं एकाच दिवसावर येतात. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांनी ती कशी पार पाडावीत, काय आधी उरकावं, कुठे बिघडतं, ते इथे नेमकं लिहा.

ठाण्याहून
आदार या हिब्रू महिन्याच्या १४ तारखेला मगिल्ला, म्हणजे एस्तेर राणीची पोथी, दोनदा ऐकायची, रात्री आणि दिवसा (तारीख सूर्यास्ताला सुरू होते, म्हणून रात्र आधी). बायकांनाही ती चुकत नाही. बाकीची तिन्ही कामं, म्हणजे दोन गरिबांना दान, खाण्याची भेट आणि जेवण, दिवसाउजेडीच करायची. तेव्हा रात्री फक्त वाचन ऐकावं आणि झोपावं. एस्तेरचा उपास त्याआधी येतो. आजारी माणसाला तो माफ आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये.

भायखळ्याहून
मगिल्लेचे १० अध्याय, साधारण पाऊण तास. शब्दन् शब्द कानी पडला पाहिजे. त्यातल्या खलनायकाचं, हामानचं, नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवतात आणि त्यात पुढचा शब्द बुडतो. कानाचं यंत्र असेल तर कानठळ्याच बसतात. मग आवाज कमी केला जातो आणि वाढवायचा राहतो. हजानजवळची, म्हणजे वाचून दाखवणाऱ्याजवळची, खुर्ची धरावी, छापील मगिल्ला मांडीवर, बोट ओळीवर. शब्द हुकला तर लगेच स्वतः पुटपुटून हजानला गाठावं. ऐकणाऱ्याने बसून ऐकलं तरी चालतं. फोनवर ऐकलेलं मात्र बहुतेक रब्बी (धर्मगुरू) धरत नाहीत, म्हणून घराबाहेर पडता येत नसेल तर वाचणाऱ्यालाच घरी बोलवा.

अश्दोदहून (इस्राएल)
आपल्यात मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून जेवणात मटण असेल तर पुरणपोळीला तूप नाही, दूध नाही. तेलावर भाजायची, नारळाच्या दुधाबरोबर वाढायची. पाव किलो हरभरा डाळ, तितकाच गूळ. १०-१२ पोळ्या होतात. डाळ दोन तास भिजवून कुकरला ४-५ शिट्ट्या. कट पूर्ण निथळल्यावरच गूळ घाला. इथे घाई झाली की पुरण सैल राहतं आणि लाटताना पोळी फुटते. डाव उभा राहिला की उतरवा. पुरणयंत्रातून गरम असतानाच काढा, गार पुरणाला जोर लागतो आणि मनगट भरून येतं. पुरण आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवावं. पण त्या दिवशी बहुतेक वर्षी एस्तेरचा उपास असतो, चाखता येत नाही, म्हणून गूळ वजनानेच घ्या.

पुण्याहून
भेट म्हणजे एका व्यक्तीला दोन वेगवेगळे, लगेच खाता येतील असे पदार्थ. चहापत्ती, कच्चे तांदूळ चालत नाहीत. सुकं खोबरं-खसखशीची करंजी आठवडाभर टिकते, ओल्या नारळाची लवकर आंबते. जोडीला केळी. घेणारीला साखरेचा त्रास असेल तर चकली आणि भाजलेले शेंगदाणे द्या. वीस डबे घेऊन जिने चढण्यात अर्थ नाही. एक-दोन द्या, उरलेले पैसे दानात घाला. रामबाम या मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्रकारानेही भेटी-मेजवानीपेक्षा दानच वाढवायला सांगितलं आहे. बाहेर पडणं जमत नसेल तर पैसे आधी विश्वासू माणसाकडे द्या, त्याने ते पुरीमच्या दिवशीच पोचवायचे.

लोदहून (इस्राएल)
रक्त पातळ करणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर वाईनऐवजी मनुकांचं सरबत. पाव किलो काळ्या मनुका धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळा. साखर लागत नाही. फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर फसफसतं.
वेश जरूर करा, पण मुखवटा नको, खालची पायरी दिसत नाही. ठेवणीतली साडी, चमकीचा मुकुट, पायात रोजच्याच चपला. आणि नातवंडं जेरुसलेमला असतील तर त्यांचा पुरीम १५ तारखेला, फोन त्या दिवशी करा.