रंग ओले कसे ठेवता? आपापले अनुभव लिहा

निळीशाई:
भाचीच्या चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेसाठी माळ्यावरचे सामान काढताना आईची एनॅमलची ताटली हाती लागली. स्वयंपाक उरकल्यावर आईला जेमतेम अर्धा तास मिळे. तो रंग कालवण्यातच जाऊ नये म्हणून ती उरलेल्या पोस्टर रंगांवर दुसरी ताटली उपडी घालून वर ओला पंचा गुंडाळून ठेवत असे. काल जमलेली छटा आज हाताशी असली, तरच रोजचा सराव टिकतो, असे मला मनापासून वाटते.

जलरंगवेडी:
जलरंग ओले ठेवण्याची गरजच नाही. ट्यूबमधला रंग खणात भरून खुशाल वाळू द्यावा, कारण त्यातला डिंक पाण्याने पुन्हा विरघळतो. मी चित्राला बसण्याआधी प्रत्येक खणात दोन थेंब पाणी सोडते. तेवढ्यात चहा होतो आणि रंगही मऊ पडतो.

रत्नागिरीकर:
आमच्याकडे आषाढात नेमके उलटे होते. ओल्या पॅलेटला झाकण लावले की डिंकावर बुरशी धरते, आणि मध घातलेले रंग तर दिवसेंदिवस चिकटच राहतात. त्यामुळे पॅलेट पंख्याखाली उघडी ठेवून कोरडी झाल्यावरच मिटावी.

गच्चीवरचा_स्टुडिओ:
ॲक्रिलिकला ही सवलत नाही. त्यातले पाणी उडाले की पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून पापुद्रा बनतो, आणि तो पाण्याने परत सुटत नाही. मी पसरट, घट्ट झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद अंथरतो व रंग त्या कागदावर काढतो. स्पंज निथळता असला तर पाणी कागदातून वर येऊन रंग पसरतात, म्हणून तो बेताने पिळावा. हा डबा फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये. गोठल्यावर रंग फुटतो.

जवसतेल:
फ्रीजर उपयोगी पडतो तो तैलरंगांना. ते पाणी उडून वाळत नाहीत. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतात, आणि थंडीत ही क्रिया मंदावते. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग त्यातल्या मँगनीजमुळे सर्वांत आधी आवळतो, तर टायटॅनियम व्हाइट बराच काळ मऊ राहतो. लवंगतेलाचा लहानसा थेंब वाळणे लांबवतो, पण तो जास्त झाल्यास चित्रावरचा थरही लवकर सुकत नाही. कॅडमियमसारखे रंग विषारी असतात. त्यांचा डबा खाण्याच्या पदार्थांजवळ कृपया ठेवू नये.

जुनेपुराणे:
अमेरिकन चित्रकार जॉन रँड यांनी 1841 मध्ये कथलाच्या ट्यूबचे पेटंट घेतले, त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत साठवत. पिशवीला टोचून रंग काढला की ते भोक नीट बंद होत नसे. त्या काळच्या चित्रकारांपेक्षा आपण किती सुखी!

निळीशाई:
सर्वांचे आभार. पोस्टर रंगाच्या बाटल्यांना वास येऊ लागला आहे, त्यावर काही उपाय?

जलरंगवेडी:
वास आलेला रंग टाकून द्यावा. नव्या बाटलीत वापरातला ब्रश बुडवू देऊ नका. कोरड्या चमच्याने लागेल तेवढाच रंग काढावा आणि घट्ट झाल्यास उकळून गार केलेले पाणी घालावे.