टेलिग्रामवरून मराठी पिक्चर बघितला तर खरंच कुणाचं काही बुडतं का?

घोडबंदरचा_गण्या:
परवा रविवारी बाबांना नवीन मराठी पिक्चर लावून दिला, टेलिग्रामवरून उतरवलेला. बाबा 74 वर्षांचे, गुडघे गेलेत, थेटरात नाही म्हणतात. प्रिंट म्हणाल तर भिकार, कोणीतरी थेटरात बसून मोबाईलवर काढलेली, मध्येच एक बाई पोराला घेऊन पडद्यासमोरून गेली आणि खाली सारखी सट्ट्याच्या ॲपची पट्टी सरकत होती. तरी बाबा खूश. तेवढ्यात मामेभाऊ आला, तो पिक्चरला साऊंडचं काम करतो. एक मिनिट बघितलं आणि म्हणाला, तुमच्यासारख्यांमुळेच आमची पेमेंटं अडकतात. चहा तसाच ठेवून गेला. आता मला सांगा, बाबा तसेही थेटरात गेलेच नसते, मग माझ्या एका डाउनलोडने कुणाचं काय गेलं?

खारघर_सेक्टर12:
भाऊ जरा जास्तच तापला. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना, यांच्या रिपोर्टात 2023 चं पायरसीचं गणित 22,400 कोटी काढलंय, त्यातले 13,700 कोटी थेटरातल्या पिक्चरचे. पण फुकट बघणारा प्रत्येक जण तिकीट काढणारच होता असं थोडीच आहे, माझ्या हॉस्टेलमधल्या पोरांच्या खिशात वडापावचे पैसे नसायचे ती काय मल्टिप्लेक्सला जाणार होती. युरोपियन कमिशननेच एक अभ्यास करून घेतला होता, 2015 चा, त्यात गाणी, पुस्तकं, गेम यांची विक्री घटल्याचा ठोस पुरावा मिळालाच नाही. आणि ओटीटीवाल्यांनी एकेक पिक्चर वेगवेगळ्या ॲपवर नेऊन ठेवलाय, पाच ठिकाणी पैसे भरायचे का माणसाने?

ऐरोलीची_एडिटर:
@खारघर, त्याच अभ्यासातलं पुढचं पण लिही ना. नवीन गाजलेल्या पिक्चरना फटका बसतो हे त्यातच आहे, 10 वेळा चोरून बघितलं की 4 वेळा पैसे देऊन बघणं कमी होतं. जुना पिक्चर कोणी उतरवला तर मला पण फार वाईट वाटत नाही. प्रश्न पहिल्या आठवड्याचा आहे.

मी एडिटिंगला असते म्हणून सांगते. 2009 मध्ये मल्टिप्लेक्सशी भांडण होऊन हिंदी निर्मात्यांचा तिकिटाच्या पैशातला जो वाटा ठरला तो पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, मग 30. म्हणजे निर्मात्याची खरी कमाई सुरुवातीलाच. मराठीला तर त्याहून घाई, शुक्रवारी शो मिळतात, शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत की सोमवारी शो दुपारी 12 ला ढकलतात आणि गुरुवारी पिक्चर उतरतो. आणि मोबाईलवाली कॉपी नेमकी शुक्रवारी रात्रीच फिरायला लागते. मोठ्या हिंदी पिक्चरचं भागतं, ओटीटी आणि सॅटेलाइटच्या, म्हणजे टीव्हीवर दाखवायच्या, हक्कांचे पैसे येतात. आमच्याकडे हल्ली ते हक्क विकतानाच नाकीनऊ येतात, मग शेवटचा हप्ता कोणाचा राहतो? साऊंड, एडिट, लाइटमन. तुझा भाऊ उगाच नाही बोलला.

बाकी पिक्चर थेटरला कुलूपबंद फाइलमध्ये येतो, किल्ली ठरलेल्या तारखांपुरतीच चालते, आणि पडद्यावर डोळ्याला न दिसणारी खूण असते, त्यावरून कुठल्या स्क्रीनवर कुठल्या वेळी शूट झालं ते सापडू शकतं. 2023 च्या कायदादुरुस्तीपासून थेटरात असं रेकॉर्डिंग केलं तर 3 महिने ते 3 वर्षं आत आणि दंड कमीत कमी 3 लाख. पण सगळं थेटरातूनच फुटतं असंही नाही. 2016 ला उडता पंजाबची कॉपी रिलीजच्या आधीच नेटवर आली होती, वर सेन्सॉरसाठी दिल्याचा शिक्का तसाच.

कोपरीकर_काका:
हे नवीन नाही रे. ठाणे स्टेशनच्या पुलाबाहेर पोरं प्लॅस्टिकचा कागद अंथरून सीड्या विकायची, 30 ला एक, 50 ला दोन. शिट्टी वाजली की कागदाची चार टोकं धरून गाठोडं करून जिन्याने पसार, पाच मिनिटांत परत तिथेच. आम्ही पण घेतल्यात, कशाला खोटं बोलू. एकदा वरचं कव्हर कौटुंबिक पिक्चरचं आणि आत भलतंच निघालं, ही समोर बसलेली, मी टीव्हीचं बटणच बंद केलं.

फरक एवढाच की तेव्हा ती सीडी चार घरांत फिरायची, आता एक लिंक सोसायटीच्या ग्रुपवर पडली की तीनशे घरं. आमच्या ग्रुपवर तर सेक्रेटरीच टाकतात!

खारघर_सेक्टर12:
पहिल्या आठवड्याचं मान्य. पण मग संध्याकाळी 7 चा शो द्या ना मराठीला. ऑफिसातून वाशीला पोचेपर्यंत 8 वाजतात, शो दुपारी 12.15 चा. कोण रजा टाकून जाणार?

ऐरोलीची_एडिटर:
त्या बाबतीत तुझ्याशी भांडायला माझ्याकडे काही नाही 😑

घोडबंदरचा_गण्या:
ओके, पटलं, निदान नवीन पिक्चरचं तरी. भावाला सॉरी टाकलंय, ब्लू टिक आली, उत्तर नाही. आणि गंमत ऐका, बाबांना विचारलं शेवट कसा वाटला, तर म्हणाले मुलगी घरी परत आली का नाही ते दाखवलंच नाही की. जाऊन बघतो तर फाइलमध्ये शेवटची दहा-बारा मिनिटंच नाहीत. आता तेच म्हणतायत थेटरात ने. ठाण्यात एकच शो उरलाय, बुधवारी सकाळी 11 चा.

कोपरीकर_काका:
सकाळचाच बरा, गर्दी नसते. फक्त आधी फोन करून विचार खुर्चीपर्यंत किती पायऱ्या आहेत ते. लिफ्ट बाहेरपर्यंतच असते, आत अंधारात चढावं लागतं. मागच्या दाराने सोडतात काही ठिकाणी, सांगितलं तर.