'रेन मॅन'सारखे दोन भाऊ एकांकिकेत कसे उतरवावेत?

मृण्मयी_लिहिते
वडील गेल्यावर समोरासमोर येणारे दोन भाऊ, थोरला स्वमग्न. चाळीस मिनिटांची एकांकिका आहे. 'रेन मॅन' (1988) हा सिनेमा पुन्हा पाहिला, त्यातही स्वमग्न थोरला रेमंड आणि धाकटा चार्ली आहेत. थोरल्याला रेमंडसारखी अचाट स्मरणशक्ती द्यावीच लागेल का? आणि मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन होणारा त्याचा उद्रेक, नाटकी न होता कसा दाखवायचा?

विंगेतला
स्मरणशक्ती नकोच. अचाट स्मरणशक्तीच्या ज्या खऱ्याखुऱ्या किम पीकवरून रेमंड सुचला, त्यांना ऑटिझम (स्वमग्नता) नव्हता. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता. लोकांना रेमंडने सांडलेल्या 246 काड्या एका नजरेत मोजल्या ते आठवतं, पण सिनेमा पुढे सरकतो तो रेमंडच्या 'नको'वर. विमान नको, अपघात दिसल्यावर हायवे नको, पाऊस असला तर खोलीबाहेर पडणं नको. चार्लीला लॉस एंजेलिस गाठायची घाई, म्हणूनच दोघं इतके दिवस एका गाडीत अडकतात. थोरल्याचे तीन ठाम नियम ठरवा आणि धाकट्याची घाई त्यांच्यावर आदळू द्या. बदलतो तो धाकटा. थोरला शेवटी 'सुधारला' की एकांकिका पडलीच समजा.

शमा
मेल्टडाउनसाठी सिनेमातला स्मोक अलार्मचा प्रसंग बघा. हा हट्ट नव्हे, समोर कुणी नसलं तरी होतो. त्याची तयारी आधीपासून हवी: मिक्सर चालू, फोन वाजतोय, दोघंतिघं एकदम बोलताहेत. नट आधी कान झाकतो, एकच वाक्य घोकतो, येरझारा वाढतात, मग स्फोट. धाकट्याने खांदे धरून हलवलं की तो आणखी चिघळतो. आवाज बंद, दिवे मंद, माणसं लांब, असं केलं की हळूहळू ओसरतो. त्यानंतर थकवा येतो, लगेच संवाद देऊ नका. आणि नटाला पहिल्या मिनिटापासून डुलत ठेवू नका. थोड्याच वेळात प्रेक्षकांना ते दिसेनासं होतं.

मृण्मयी_लिहिते
कुणाकडे राहायचं, हे शेवटी थोरल्यालाच विचारलं तर?

विंगेतला
सिनेमात विचारलंय. भावाकडे राहायचंय? हो. वॉलब्रूकला, म्हणजे तो राहायचा त्या संस्थेत, परत जायचंय? हो. हो-नाही प्रश्नाने काहीच हाती लागत नाही. दोन घरांचे फोटो समोर ठेवून एक उचलायला सांगा, रंगमंचावर दिसेलही छान.

शमा
कथा इथली असेल तर कायद्याकडेही बघा. 18 वर्षांनंतर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमण्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो, तो नातेवाईकही करू शकतात. म्हणजे इतकी वर्षं न फिरकलेला धाकटाही. मालमत्तेचा हिशेब मात्र पालकाला समितीपुढे ठेवावा लागतो, हे त्याला उशिरा कळू द्या.