२००८ ची ओम्नी, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय म्हणतात. नवा घ्यावा, जुना शोधावा की दुरुस्त करावा?

मिरजेची_लेक
नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००८ ची ओम्नी आहे, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली), पेट्रोलवर आणि नंतर बसवलेल्या सीएनजी किटवर चालणारी. तक्रार अशी: सकाळी गार असताना एका सेल्फमध्ये सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं चालली की धक्का न देता, मिसिंग न होता एकदम बंद पडते, दिव्याचं बटण दाबावं तशी. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन फिरतं पण पेट घेत नाही. पाऊण तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. गेल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा व्हायचं, आता रोज होतंय.

दोन फिटरांना दाखवली. एकाने क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) बदलला, फरक नाही. दुसऱ्याने गाडी बघितली आणि सांगितलं, "ताई, ईसीएम गेलाय." नव्याचे ₹१८,००० सांगतायत, तोही मागवावा लागेल. गाडीची किंमतच आता किती, म्हणून घरचे विकायला सांगतात.

पण ही गाडी मला विकायची नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. सरकतं दार उघडलं की तिला व्हीलचेअरवरून थेट सीटवर घेता येतं, खुर्ची घडी न करता मागे उभी राहते. दुसऱ्या कुठल्याही गाडीत तिला वाकवून बसवावं लागतं आणि ते तिला सोसत नाही. ओम्नी २०१९ मध्ये बंदच झाली. २०२३ मध्ये पुन्हा पासिंग केलंय, २०२८ पर्यंत कागदांचा प्रश्न नाही. तर ईसीएम कुठून घ्यावा, कुणाचा काय अनुभव?

कुर्ला_ते_कल्याण
कुर्ल्याला सीएसटी रोडला जा. भंगारात निघालेल्या गाड्यांचे ईसीएम मिळतात, नव्याच्या पाव किमतीत. कप्लर (वायरींचा प्लग) जुळला की लावायचा, विषय संपला.

नाना_पेठ_दुकानदार
कप्लर जुळला म्हणजे ईसीएम जुळला असं नाही हो. माझं आयुष्य पार्टच्या काउंटरमागे गेलं म्हणून कळकळीने सांगतो. डब्यावरच्या स्टिकरवर ३३९२० ने सुरू होणारा नंबर असतो, तो शेवटच्या अक्षरापर्यंत तोच हवा. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि गॅसच्या मॉडेलचे, वेगवेगळ्या वर्षांचे ईसीएम बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसतात, आतला प्रोग्रॅम मात्र वेगळा. चुकीचा लावलात तर गाडी कदाचित सुरूही होईल, पण पेट्रोल जास्त पिईल, आयडलिंग धरणार नाही आणि पीयूसीत अडकेल. ती अवस्था सगळ्यात वाईट, कारण मग दोष भलतीकडेच शोधत बसतो माणूस.

दुसरं, चावीत चिप आहे का बघा. असेल तर चावी, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) आणि ईसीएम यांची खूण एकमेकांशी बांधलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणला तर इंजिन लागणारच नाही. मग जुन्या बोर्डवरच्या आठ पायांच्या मेमरी चिपमधला डेटा नव्यात उतरवणारा माणूस शोधावा लागतो.

मिरजेची_लेक
चावी साधी आहे. गल्लीच्या तोंडाला बसणाऱ्या चावीवाल्याकडून कापून घेतलेल्या डुप्लिकेटवर गाडी सुरू होते.

नाना_पेठ_दुकानदार
मग इमोबिलायझर नाही, एक डोकेदुखी कमी.

वायरमन_सातारा
ताई, कुणीही काहीही सांगो, अजून एक रुपया खर्च करू नका. माझी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली. ईसीएम गेला म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांत दोष ईसीएमच्या बाहेर निघालाय. तो डबा मुका आहे, म्हणून सगळे आपलं पाप त्याच्या माथी मारतात.

आधी एवढंच सांगा. गाडी बंद पडलेली असताना चावी ऑन केली, सेल्फ न मारता, तर मीटरमध्ये चेक लाइट लागतो का? आणि मागे टाकीतला पेट्रोल पंप दोन सेकंद गुणगुणतो का? गाडी पेट्रोलच्या स्विचवर ठेवून बघा.

मिरजेची_लेक
आज दवाखान्याच्या दारात पुन्हा बंद पडली, तेव्हाच बघितलं. चेक लाइट लागत नाही. पंपही गप्प. गार झाल्यावर दोन्ही आले.

वायरमन_सातारा
शाब्बास. हे महत्त्वाचं निघालं. क्रँक सेन्सर गरम होऊन जातो तेव्हाही गाडी अशीच बंद पडते, म्हणून तुमच्या पहिल्या फिटरला दोष देऊ नका. पण तेव्हा चावी ऑन केल्यावर चेक लाइट लागतो आणि पंप बोलतो, कारण ईसीएम जागा असतो. तुमच्याकडे दोन्ही गप्प, म्हणजे ईसीएम झोपतोय. आता प्रश्न एवढाच की त्याला जेवण मिळत नाही म्हणून झोपतोय की आजारी आहे म्हणून.

त्याचं जेवण म्हणजे तीन गोष्टी. बॅटरीचा कायमचा सप्लाय, चावीवरचा सप्लाय आणि अर्थिंग. यातलं अर्थिंग लोक तपासतच नाहीत. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. कप्लर काढू नका, लावलेला असतानाच मागून बारीक सुई घालून मोजायचं. काळी प्रोब थेट बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब ईसीएमच्या अर्थच्या वायरवर, चावी ऑन. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर अर्थच्या वाटेत कुठेतरी गंज आहे. हे सगळं गाडी बंद पडलेली असताना मोजायचं, चालू असताना मोजून उपयोग नाही.

मेन रिले (सप्लाय जोडणारा स्विच) टिकटिक करत नाही म्हणून रिलेच बदलायला धावू नका. बऱ्याच गाड्यांत तो रिले ईसीएमच ओढतो, म्हणजे ईसीएम झोपला की रिलेही गप्प. आणि सीएनजीच्या फिटरने ईसीएमच्या वायरींना कुठे जोड मारलाय का, तेही बघा. त्या जोडांनी माझे किती दिवस खाल्लेत!

मिरजेची_लेक
वायरमन काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. शेजारच्या इलेक्ट्रिशियन दादांना घेऊन गाडी मुद्दाम बंद पडेपर्यंत फिरवली. दोन्ही सप्लाय व्यवस्थित, १२ च्या वर. अर्थवर २.८ व्होल्ट!

डॅशखाली हात घातला तर किटच्या फिटरने ईसीएमची अर्थची वायर सोलून तिच्यावर किटची अर्थ नुसती पिळून टेप मारलेली. टेप काढली तर आत हिरवी बुरशी. समोरच्या काचेच्या रबरातून पावसाचं पाणी गळतं, ते बरोबर तिथेच उतरतं. जोड कापला, नवी वायर डाख देऊन जोडली, किटला वेगळी अर्थ बॉडीवर दिली. आता ०.०४ येतंय. चार दिवस झाले, गाडी एकदाही बंद पडली नाही. काय बोलू, काका!

वायरमन_सातारा
आनंद झाला. पण अजून आठवडाभर बघा. अर्थ कमजोर असताना ईसीएमने बरेच दिवस हाल सोसलेत.

ऑन्टारिओतला_नाशिककर
इथल्या माझ्या १९९८ च्या मिनीव्हॅनची गोष्ट थोडक्यात. बॅटरी चार्ज होईना म्हणून मी दोन ऑल्टरनेटर बदलले. शेवटी कळलं की या गाडीत चार्जिंगचा रेग्युलेटर ईसीएमच्या आतच आहे. इथे जुना ईसीएम कुरिअरने दुरुस्तीला पाठवायची पद्धत आहे. ते तोच बोर्ड दुरुस्त करून परत पाठवतात, त्यामुळे गाडीचा चॅसी नंबर त्यात नव्याने भरावा लागत नाही. तुमच्याकडे अशी सोय असेल तर स्वतःचाच डबा दुरुस्त करून घेणं सगळ्यात सोपं.

मिरजेची_लेक
पाचव्या दिवशी पुन्हा बंद. आई आत बसलेली होती, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला. रडूच आलं मला.

अर्थ ०.०४ च आहे. सप्लाय आहेत. तरी चेक लाइट नाही.

वायरमन_सातारा
धीर सोडू नका, आपण जवळ आलोय. ईसीएम सेन्सरांना ५ व्होल्ट देतो. थ्रॉटलच्या सेन्सरचा कप्लर काढा, तीन वायरी असतील. चावी ऑन ठेवून एकीवर ५ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य असतील तर ही ५ व्होल्टची लाइन ज्या ज्या सेन्सरला जाते त्यांचे कप्लर एकेक करून काढत जा. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असेल तर तो ही लाइन खाली ओढतो आणि ईसीएम मेल्यासारखा वाटतो. तो कप्लर निघाला की ५ व्होल्ट परत येतात. सगळे काढूनही शून्यच राहिले, तर मात्र मी मान्य करीन की दोष डब्यात आहे.

आणि एक खात्रीची चाचणी. गाडी गार असताना सुरू करा, ईसीएम खाली घेऊन त्याच्या झाकणावर केस वाळवायचं मशीन पाच मिनिटं धरा. फार जवळून नको, हाताला सोसेल इतपतच गरम.

मिरजेची_लेक
सगळे कप्लर काढले, शून्यच. ड्रायर धरला, तिसऱ्या मिनिटाला इंजिन बंद. टेबलफॅन लावला, दहा मिनिटांत सुरू. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

वायरमन_सातारा
मान्य. डबाच आहे. पण ही लक्षणं चिप जळाल्याची नाहीत. गरम झाल्यावर सुटतं आणि गार झाल्यावर जुळतं, म्हणजे बोर्डवर कुठेतरी डाखाला बारीक चीर आहे किंवा एखादा कपॅसिटर थकलाय. हे दुरुस्त होतं. तुम्हाला कोल्हापूर जवळ. शिवाजी उद्यमनगरात चौकशी करा, पण भेटाल त्या माणसाला तीन गोष्टी विचारा: बोर्ड भिंगाखाली तपासणार का, कपॅसिटर १०५ डिग्री उष्णता सोसणारे टाकणार का, आणि गरम करून चाचणी घेऊन देणार का. नुसतं "ठेवून जा, बघतो" म्हणेल त्याच्याकडे देऊ नका. ईसीएम काढायच्या आधी बॅटरीची मायनस काढायची, लावतानाही तसंच.

नाना_पेठ_दुकानदार
यात माझी एक भर. डबा परत लावायच्या आधी तिन्ही इंजेक्टर मोजा, साधारण १२ ते १६ ओहममध्ये आणि एकमेकांच्या जवळ यायला हवेत. इग्निशन कॉइलही बघा. एखादा इंजेक्टर किंवा कॉइल शॉर्ट असेल तर ती ईसीएमच्या आतला ट्रान्झिस्टर जाळते, मग डबा दुरुस्त असो की नवा. नवा कोरा ईसीएम लावून संध्याकाळी जळालेला घेऊन आलेली गिऱ्हाइकं मी पाहिलीत. इलेक्ट्रिकचा माल परत घेता येत नाही, त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

मिरजेची_लेक
तीन आठवड्यांनी लिहितेय, मुद्दाम थांबले होते. उद्यमनगरात एका दुरुस्तीवाल्यांनी माझ्यासमोर झाकण उघडलं आणि भिंगातून दाखवलं. व्होल्टेज रेग्युलेटरच्या दोन पायांभोवती केसासारखी गोल चीर. नवा डाख, दोन कपॅसिटर, वर वार्निश, आणि हीट गनवर अर्धा तास चालवून दाखवला. ₹३,५०० घेतले. इंजेक्टर १३.१, १३.३, १३.२ आले. कॉइल चांगली.

त्यानंतर सहा वेळा आईला नेऊन आणलं. परवा दुपारी रेल्वे फाटकात इंजिन सुरू ठेवून वीस मिनिटं उभी होते, गाडी बंद पडली नाही. आई म्हणाली, "आता विकायचं नाव काढू नका कुणी."

वायरमन_सातारा
आईंना नमस्कार सांगा. काचेचं रबर बदललंत का?

मिरजेची_लेक
रबर आणून ठेवलंय काका. रविवारी काचवाले घरी येणार आहेत. तोवर डॅशखालच्या जोडावर प्लास्टिक बांधून ठेवलंय आणि गाडी मांडवात उभी करतेय.